बिलियनची किंमत कोण ठरवते?

शब्दांचे अर्थ बदलतात, संख्यांचे नाही, अशी सुशिक्षितांची पक्की समजूत असते. 'धर्म' किंवा 'विकास' या शब्दांवर हवे तेवढे भांडावे. पण 'सात' म्हणजे सातच, तिथे कुणाचे मत विचारायचे कारण नाही. संख्यांची नावे भाषेत राहत असली तरी त्यांचे मालक गणिती आहेत, असे या समजुतीत गृहीत धरलेले असते. 'बिलियन' हा इंग्रजी शब्द या समजुतीत बसत नाही. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत त्याचा रूढ अर्थ एकावर बारा शून्ये असा होता. आज तिथेच तो एकावर नऊ शून्ये असा होतो. त्याचे सख्खे भाऊ, म्हणजे जर्मन 'बिल्योन' आणि स्पॅनिश 'बियोन', मात्र अजून बारा शून्यांवर ठाम आहेत. फरक थोडाथोडका नाही, हजार पटींचा आहे.

यावरचे नेहमीचे स्पष्टीकरण दोन वाक्यांत आटोपते. मूळचा ब्रिटिश बिलियन खरा. अमेरिकनांनी तो आळसाने छाटला आणि मग डॉलरच्या जोरावर जगाच्या गळ्यात मारला. हे स्पष्टीकरण उथळ आहे, कारण 'खरा' बिलियन कुठेतरी असतो असे ते धरून चालते. प्रत्यक्षात बिलियन हे संख्येपेक्षा मापाच्या जातीचे नाव आहे. कंपनी सरकारच्या काळात मुंबईचा मण २८ पौंडांचा होता आणि बंगालचा ८२ पौंडांहून थोडा जास्त. यातला खरा मण कोणता, असे कोणी व्यापारी विचारत नसे. आपण कुठल्या बाजारात उभे आहोत एवढेच तो पाही. मोठ्या संख्यांच्या नावांची किंमतही व्युत्पत्तीने किंवा तर्काने ठरत नाही. ज्या खजिन्याच्या वहीत ती नावे लिहिली जातात, तो खजिना ती ठरवतो.

१. नावातच कोरलेला हिशेब

सुरुवात 'मिलियन'पासून करावी लागते. इटालियन भाषेत 'मिल्ले' म्हणजे हजार. त्याला मोठेपणा दाखवणारा प्रत्यय लागून 'मिलिओने' झाला, म्हणजे जणू 'थोरला हजार'. तेराव्या-चौदाव्या शतकांत इटलीच्या व्यापारी शहरांत तो रुळला आणि चौदावे शतक संपता संपता इंग्रजीत पोहोचला. (मार्को पोलोच्या प्रवासवर्णनाला इटलीत 'इल मिलिओने' म्हणतात. त्याने वर्णिलेल्या कुबलाई खानाच्या अफाट दौलतीवरून ते नाव पडले की त्याच्या घराण्याच्या टोपणनावावरून, हा वाद अजून मिटलेला नाही.)

बिलियनचा जन्म फ्रान्समधला. १४७५ साली ज्याँ आदाँ याच्या हस्तलिखितात 'बिमिलियाँ' आणि 'त्रिमिलियाँ' असे शब्द येतात. १४८४ साली निकोला शुके याने ल्यों शहरात आपला 'त्रिपार्ती' हा गणितग्रंथ लिहिला आणि या नावांना शिस्त लावली. ल्यों हे त्या काळी जत्रांचे आणि सावकारी पेढ्यांचे गाव होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. शुकेची रीत अशी: उजवीकडून सहा-सहा अंकांचे गट पाडा, पहिल्या खुणेला मिलियन म्हणा, दुसरीला बिलियन, तिसरीला ट्रिलियन, असे नोनिलियनपर्यंत जा आणि हवे तर पुढेही. इथे 'बि'चा अर्थ सरळ 'दोन'. बिलियन म्हणजे मिलियनचा वर्ग, ट्रिलियन म्हणजे घन. नाव ऐकले की शून्ये मोजता येतात: दोन गुणिले सहा, बारा.

इतकी देखणी योजना करणाऱ्या शुकेच्या नशिबी मात्र छापखाना नव्हता. त्याचे हस्तलिखित १८८०पर्यंत अप्रकाशित राहिले. त्यातला बराच मजकूर एतिएन द ला रोश याने १५२० साली आपल्या पुस्तकात उचलला आणि नावे त्या वाटेने पसरली.

२. लॉकचा भरवसा

१६९० साली जॉन लॉकने मानवी आकलनावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला. त्यात संख्येवर एक छोटे प्रकरण आहे आणि त्यात बिलियन, ट्रिलियनपासून नोनिलियनपर्यंतची उतरंड सहा-सहा अंकांच्या गटांत मांडलेली आहे. लॉकचा मुद्दा तत्त्वज्ञानाचा होता. इतर गोष्टी डोळ्यांना वेगवेगळ्या दिसतात, पण मोठ्या संख्या मनात एकमेकींत मिसळून जातात. त्या वेगळ्या धरून ठेवायच्या तर प्रत्येकीला वेगळे नाव हवे. पाचाच्या पुढे नावे नसलेल्या ब्राझीलमधल्या तुपिनांबा लोकांचा दाखला त्याने यासाठीच दिला.

'शब्द बदलतात, संख्या बदलत नाहीत' या समजुतीची सर्वांत भक्कम मांडणी ही आहे: नाव हा खुंटा आणि संख्या त्याला बांधलेली. लॉकने उदाहरण म्हणून निवडलेल्या नावांचेच पुढे काय झाले, ते पाहिले की हा भरवसा टिकत नाही. नावे जागच्या जागी राहिली, त्यांच्याखालच्या संख्या सरकल्या.

३. तीन-तीनच्या गटाची सोय

शुकेची रीत तर्काला धरून होती, पण वाचायला अवघड होती. सहा अंकांच्या एका गटात पुन्हा 'हजार' हा शब्द घ्यावाच लागतो. 'दोनशे चौतीस हजार पाचशे सदुसष्ट बिलियन' म्हणेपर्यंत ऐकणारा मधले हजार कुठल्या मोठ्या नावाला जोडायचे ते विसरलेला असतो. कारकून आणि छापखानेवाले तर अंक तीन-तीनच्याच गटांत तोडू लागले होते. सतराव्या शतकात काही फ्रेंच अंकगणितकारांनी पुढचे पाऊल टाकले आणि दर तीन अंकांनंतर नाव बदलायला सुरुवात केली. हजार मिलियन झाले की बिलियन, हजार बिलियन झाले की ट्रिलियन. अमेरिकेतल्या अंकगणिताच्या पुस्तकांनी अठराव्या शतकात हीच फ्रेंच रीत उचलली. तेव्हा 'अमेरिकनांनी छाटलेला बिलियन' हे वर्णन वंशावळीच्या दृष्टीनेही चूक आहे. छाटणी पॅरिसच्या बाजूला झाली होती.

या बदलात 'बि'चा अर्थ बिघडला हे मान्य करावे लागते. नऊ शून्यांचा बिलियन कशाचाही वर्ग नाही. तो हजाराचा घन आहे, म्हणजे 'बि'च्या आत तीन दडलेले आहेत. पहिला हजार बाजूला ठेवून त्यापुढच्या हजारांच्या पायऱ्या मोजल्या तर दोन भरतात, एवढीच काय ती सारवासारव. म्हणजे एक पद्धत नावाशी इमान राखते आणि दुसरी वाचणाऱ्याच्या डोळ्याशी. दोन्ही आतून सुसंगत आहेत, दोन्हींत बिनचूक हिशेब होतो. यातली एक 'खरी' ठरवायला गणिताकडे कोणतेही साधन नाही. मग निवाडा कोणी केला?

४. शब्दामागची थैली

एकावर नऊ शून्ये ही रक्कम एकोणिसाव्या शतकापर्यंत बहुतेक भाषांत पुस्तकी होती. तिला रोजच्या बोलण्यात आणले ते सरकारी खजिन्यांनी, आणि ज्या देशात ज्या खात्याने तिला प्रथम गाजवले, तिथे तेच नाव टिकले.

फ्रान्समध्ये नऊ शून्यांसाठी सोळाव्या शतकापासून 'मिल्यार' हा दुसरा शब्द होता. क्रांतीत जमिनी गमावलेल्या सरदारांना भरपाई देणारा कायदा १८२५ साली झाला, तो 'परागंदांचा मिल्यार' म्हणून गाजला. १८७१मध्ये प्रशियाकडून हरल्यावर फ्रान्सवर पाच मिल्यार फ्रँकांची खंडणी बसली. एवढ्या दोन रकमांनंतर फ्रेंच करदात्याला मिल्यार हा शब्द कोणी समजावून सांगायची गरज उरली नाही, आणि नऊ शून्यांचा बिलियन पाठ्यपुस्तकात असूनही बाजारात बेकार झाला.

अमेरिकेत मिल्यार रुजलाच नव्हता. तिथे १८८९ ते १८९१च्या काँग्रेसने खर्चाचा आकडा एक बिलियन डॉलरच्या आसपास नेला आणि विरोधकांनी तिला 'बिलियन डॉलर काँग्रेस' म्हणून हिणवले. त्यावर, हा देशच बिलियन डॉलरचा आहे, असे उत्तर सभापती टॉमस रीड यांच्या नावावर सांगितले जाते. १९०१ साली यूएस स्टील ही एक बिलियन डॉलरहून जास्त भांडवलाची पहिली कंपनी उभी राहिली. शिवी म्हणून आलेला शब्द दहा-बारा वर्षांत प्रतिष्ठेचा झाला.

जर्मनीत शुकेचा बारा शून्यांचा बिल्योन टिकला तो सर्वांत कडू कारणाने. नोव्हेंबर १९२३मध्ये एका डॉलरला ४.२ बिल्योन मार्क मोजावे लागत होते, आणि नवा रेंटेनमार्क एक बिल्योन जुन्या मार्कांच्या बदल्यात आला. त्या काळातली सर्वांत मोठी नोट शंभर बिल्योन मार्कांची होती, तिच्यावर तारीख १९२४ची. पुढे जानेवारी २००९मध्ये झिंबाब्वेने शंभर ट्रिलियन डॉलरची नोट काढली. दोन्ही नोटांवरची रक्कम एकच आहे: एकावर चौदा शून्ये. एका नोटेवर बिल्योन आहे, दुसरीवर ट्रिलियन, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. हंगेरीत १९४६ साली तर शून्ये छापणेच परवडेना, म्हणून बारा शून्यांना मिळून 'बी-पेंगो' असे एकक धरले गेले. दहा कोटी बी-पेंगोची नोट चलनात आली, म्हणजे एकावर वीस शून्ये. तिथे बिलियनमधला 'बी' उघडउघड वजनाच्या मापासारखा वापरला गेला.

आणखी एक पुरावा परकीय चलनाच्या बाजारातला आहे. लंडन आणि न्यूयॉर्कचे दलाल फोनवर सौदे करताना हजार मिलियनला 'यार्ड' म्हणत आले. तो 'मिलियार्ड'चा तोडलेला तुकडा आहे. मिलियन आणि बिलियन कानाला सारखे लागतात, आणि एका अक्षराच्या घोटाळ्याची किंमत हजारपट पडते. ज्यांचे पोट या आकड्यांवर चालते त्यांनी शब्दकोशाकडे न पाहता स्वतःचा शब्द घडवला.

५. दोन सरकारे, दोन उलटे निर्णय

फ्रान्सने छोटा बिलियन जन्माला घातला, अमेरिकेला दिला, आणि १९६१च्या शासकीय आदेशाने तो स्वतःच्या दप्तरातून काढून टाकला. तेव्हापासून फ्रेंच बिलियन पुन्हा बारा शून्यांचा झाला. ब्रिटनने नेमके याच्या उलट केले. २० डिसेंबर १९७४ रोजी संसदेत रॉबिन मॅक्सवेल-हिस्लॉप या सदस्याने विचारले की, मंत्री बिलियन हा शब्द ब्रिटिश अर्थानेच वापरतील अशी दक्षता पंतप्रधान घेतील का. हॅरॉल्ड विल्सन यांनी नकार दिला. हजार मिलियन हाच अर्थ आता आंतरराष्ट्रीय झाला आहे, ब्रिटिश मंत्र्यांनी दुसरा वापरला तर गोंधळ होईल, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

या उत्तरात व्युत्पत्तीबद्दल किंवा गणिताबद्दल अवाक्षर नाही. आणि 'आंतरराष्ट्रीय' हा शब्दही तपासून घेण्याजोगा आहे. त्या दिवशी जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेन हे सारे बिलियनचा अर्थ बारा शून्ये असाच करत होते. शेजारच्या कोणत्याही मोठ्या देशाशी न जुळणारी रीत लंडनला आंतरराष्ट्रीय वाटली, कारण ज्या कर्जांची, तेलाच्या बिलांची आणि रोख्यांची गणती करायची होती ती डॉलरमध्ये होती. एका लेखी उत्तराने पौंडाचा हिशेब बदलला नाही. मापाचा शिक्का तेवढा बदलला.

पोर्तुगीजमध्ये तर आजही एकाच भाषेचे दोन बाजार आहेत. ब्राझीलचा बिलियन नऊ शून्यांचा, पोर्तुगालचा बारा शून्यांचा. स्पॅनिश अकादमीने १९९५ साली व्हेनेझुएलाचे राष्ट्राध्यक्ष राफाएल काल्देरा यांच्या सूचनेवरून नऊ शून्यांसाठी 'मियार्दो' हा शब्द स्वीकारला. शब्दाची मागणी राष्ट्रप्रमुखाकडून यावी, हे या विषयात अजिबात नवलाचे नाही.

६. अर्बुद, अयुत आणि करोड

इथे मराठी वाचकाच्या मनात थोडे समाधान दाटण्याचा संभव आहे: हा घोळ युरोपचा, आपल्याकडे दशमान नावे वेदकाळापासून पक्की. पुरावा तसे सांगत नाही.

यजुर्वेदातल्या यादीत अर्बुद म्हणजे एकावर सात शून्ये, आणि शेवटचा परार्ध बारा शून्यांचा. आर्यभटाकडे, म्हणजे ४९९ सालच्या ग्रंथात, सात शून्यांच्या जागी कोटी आहे आणि अर्बुद आठ शून्यांवर सरकले आहे. आजच्या हिंदीतले 'अरब' हे त्याच अर्बुदाचे रूप मानले जाते, आणि ते नऊ शून्यांचे आहे. ११५०च्या 'लीलावती'त भास्कराचार्यांनी नऊ शून्यांना अब्ज म्हटले, दहा शून्यांना खर्व, आणि परार्ध थेट सतरा शून्यांवर नेला. हिंदीतला खरब मात्र अकरा शून्यांचा. बौद्ध 'ललितविस्तर' ग्रंथात नावे शंभरपटींनी चढतात. तिथे शंभर कोटी म्हणजे अयुत. यजुर्वेदात जो अयुत दहा हजार होता तो इथे अब्ज झाला. ही घसरण बिलियनच्या घसरणीहून मोठी आहे.

सीमा ओलांडली की हीच गत. जुन्या मलय भाषेत 'लक्सा' म्हणजे दहा हजार. इराणात कोटीचा 'कुरूर' झाला तो पाच लाखांचा. १८२८च्या तुर्कमेनचायच्या तहात रशियाला द्यायची खंडणी दहा कुरूर तोमान लिहिली गेली, म्हणजे पन्नास लाख. आपल्याकडचा हिशेबनीस तिथे असता तर त्याने दहा कोटी वाचले असते.

संस्कृत नावांच्या पोटात 'बि' किंवा 'त्रि' अशी संख्या नाही. अब्ज आणि पद्म म्हणजे कमळ, शंकू म्हणजे खुंटी, जलधी म्हणजे समुद्र. म्हणून फ्रेंच छाटणीनंतर बिलियनमध्ये जसा आतला विरोध उरला तसा इथे उरत नाही, पण घसरण थांबत नाही. खुद्द भास्कराचार्यांनी या नावांबद्दल फार मोकळेपणाने लिहिले आहे. पूर्वजांनी ती व्यवहारासाठी केली, असा त्यांचा अभिप्राय आहे. लॉकपेक्षा साडेपाचशे वर्षे आधीच्या या गणितीने नावांवर भलता भार टाकला नाही.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप विज्ञानाच्या बाजूने येतो. शास्त्रज्ञ दहाचे घात लिहितात, गिगा आणि टेरा म्हणतात. शब्दांच्या गोंधळाचे त्यांना काय? उत्तर या आक्षेपातच आहे. गिगा आणि टेरा ही उपपदे १९६० साली आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत आली आणि ती कोणत्याही देशाच्या खजिन्याशी बांधलेली नव्हती, म्हणूनच ती सर्वत्र एकाच अर्थाने चालतात. याच पद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेत 'बिलियनभागी इतके' अशा लेखनाविरुद्ध सावध केले आहे, कारण बिलियनचा अर्थ भाषेनुसार बदलतो. शास्त्रज्ञांनी प्रश्न सोडवला नाही, त्यांनी शब्दच सोडला.

दुसरा आक्षेप: संदर्भाने कळतेच की. लहान आकड्यांत कळते. कांद्याचा भाव किलोला तीस ऐवजी तीस हजार रुपये छापला तर शाळकरी पोरही हसेल. पण एक अब्ज सेकंद म्हणजे सुमारे बत्तीस वर्षे आणि त्याच्या हजारपट म्हणजे सुमारे बत्तीस हजार वर्षे, हे गणित केल्याशिवाय कुणाला जाणवत नाही. ज्या उंचीवर हे शब्द वापरले जातात तिथे अनुभवाची पट्टीच नसते, म्हणून तर शब्दावर विसंबावे लागते.

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे. पद्धत कोणतीही असो, लोक शेवटी समजुतीवर येतात आणि काम चालते. मग एवढे खोदण्याचे कारण काय? कारण समजूत कशी होते ते पाहिले तर या लेखाचे म्हणणे आणखी पक्के होते. शंका आली की सगळीकडची माणसे नवे नाव टाकून जुनी दोन नावे जोडतात. इंग्रज 'थाउजंड मिलियन' म्हणत, स्पॅनिश माणूस अकादमीचा मियार्दो बाजूला ठेवून 'मिल मियोनेस', म्हणजे हजार मिलियन, म्हणतो, आणि मराठी माणूस निखर्व, महापद्म विसरून 'लाख कोटी'. २०१०च्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या टू-जी अहवालातली १.७६ लाख कोटींची रक्कम घराघरांत पोहोचली ती याच जोडनावाने. खर्वांत किंवा बिलियनमध्ये लिहिली असती तर अर्ध्या वाचकांनी आधी शून्ये मोजली असती.

आणि मराठीतही चलन बदलले की शब्द बदलतो. महाराष्ट्राची अर्थव्यवस्था किती मोठी करायची हे राज्यकर्ते 'एक ट्रिलियन डॉलर' असे सांगतात, तर राज्याचा अर्थसंकल्प लाख कोटींत मांडतात. एक ट्रिलियन आणि एक लाख कोटी या संख्या तंतोतंत एकच आहेत, तरी 'एक लाख कोटी डॉलर' असे कोणी सहसा म्हणत नाही. ट्रिलियन डॉलरसोबत आला आहे, लाख कोटी रुपयासोबत राहिले आहेत.

अनुवादकांनी म्हणून आधी लेखक कुठल्या देशाचा आणि काळाचा ते पाहावे, मग शब्दकोश उघडावा. जर्मन मजकुरातला बिल्योन बिनदिक्कत लाख कोटी करावा. जुन्या ब्रिटिश पुस्तकाच्या बाबतीत मात्र हात आखडता हवा. प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे सहा बिलियन मैल, हे वाक्य ब्रिटिश रीतीने बिनचूक होते. त्याचे आजच्या सवयीने 'सहा अब्ज मैल' केले, तर आपल्याला सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सुमारे पंचवीस अब्ज मैलांवर येऊन बसतो, आणि १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ हे अवकाशयान पंधरा अब्ज मैलांच्या पुढे तर कधीच गेले आहे.